ओडलाइव्हच्या आजोबांचं यीस्ट

ब्रिनहिल्डच्या नवऱ्याला, ओडलाइव्हला, बिअर बनवण्यापेक्षा बिअरबद्दल बोलणं जास्त साधायचं. आपलं यीस्ट आजोबांच्या काळापासून घरात जिवंत आहे, हे व्हॉसच्या खोऱ्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याच्याकडून ऐकावं लागे. ब्रिनहिल्डने ते एकतीस वर्षं ऐकलं. ऐकताना ती बटाटे सोलायची. निदान बटाटे तरी सोलून व्हायचे.

लेकीच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना हा गृहस्थ गोठ्याच्या शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. इस्पितळातून फोन आला तो लग्नाच्या बिअरसाठी.

"तू हात लावू नकोस. स्युरला बोलाव. बायकांचं काम नाही ते."

स्युर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याला उकडलेलं अंडं धड सोलता येत नसे. ब्रिनहिल्डने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि स्वतःच चूल पेटवली. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या उकळल्या, त्या पाण्यात मोड आणून वाळवलेल्या सातूचा माल्ट मुरवला, गोड पाणी निथळून तासन् तास आटवलं. लग्नाची बिअर कडकच लागते. दोन वाट्यांत मामामंडळी गायला लागली पाहिजेत. पाणी कोमट झाल्यावर फडताळातल्या डब्यातला वाळक्या यीस्टचा चुरा तिने पिंपात टाकला आणि पिंप घोंगड्यांत गुंडाळलं.

दोन दिवस फेस आला. तिसऱ्या दिवशी पिंप गप्प. तिने गोडी मोजायची काचेची मापनळी आत सोडली. सुरुवातीला ती नव्वदवर तरंगत होती. आता पंचेचाळीसवर अडून बसली होती. विसापर्यंत उतरायला हवी होती. चव घेतली, तर खोकल्याचं औषध.

तेवढ्यात स्युर आला. न बोलावता, जेवायच्या वेळेला.

"वहिनी, साखर घाल दोन किलो. साखरेने जोर येतो."

"गोड राहिलंय म्हणून तर रडतेय, त्यात आणखी साखर?"

"मग ढवळ चांगलं. हवा खेळू दे."

"निम्मी दारू झालीय, स्युर. आता हवा घातली तर ओल्या पुठ्ठ्याची चव येईल. तू मटण खा."

स्युरने मटण खाल्लं. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पिंप थंड पडलं असेल म्हणून तिने तळघरात शेगडी पेटवली आणि दिवसभर ऊब राखली. नळी जागची हलली नाही. म्हणजे यीस्टच थकलेलं. तिने डबा खिडकीशी नेऊन नीट पाहिला. चुरा राखेसारखा करडा होता, कित्येक वर्षांचा. तीन पिढ्यांची दौलत!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी काढून तळ्यापलीकडे अस्लाउगकडे गेली. अस्लाउगचं वय चौऱ्याऐंशी. यीस्ट बरणीत घालून फ्रीजरमध्ये ठेवते म्हणून ओडलाइव्ह तिला चारचौघांत "आइसक्रीमवाली" म्हणायचा.

"अस्लाउगकाकू, थोडं यीस्ट द्याल का? आमचं अर्ध्यावर बसलं."

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमचं? तुमचं कुठलं आलंय? तुझा नवरा वीस वर्षं माझ्याकडून नेतोय. दर ऑक्टोबरला मागच्या दाराने येतो. आजोबांचं केव्हाच मेलं, त्यानेच उकळत्या पाण्यात घालून मारलं. तुमच्या डब्यात असेल तो माझ्याच जुन्या यीस्टचा उरलासुरला चुरा. म्हणतो, काकू, ब्रिनहिल्डला सांगू नका."

"आणि यंदा यायच्या आधीच पडला."

"पडला होय? मला वाटलं, लाज वाटली असेल."

ब्रिनहिल्डला संताप येईल असं वाटलं होतं. आली ती किळस, भाजी चिरताना आत अळी दिसावी तशी. एक बरणी मेली हे बायकोला सांगायला हा माणूस वीस वर्षं भ्यायला, आणि तेवढी वर्षं भरल्या ताटावर तिला आजोबा ऐकवत राहिला.

"हे तसंच पिंपात ओतू नकोस," अस्लाउग बजावत होती. "एकदम दारूत पडलं तर गारद होतं. आधी तांब्याभर ताज्या गोड पाण्यात जागं कर. फेस वर चढला की त्या भरात ओत. आणि ऊब सोडू नकोस."

ब्रिनहिल्डने तसंच केलं. दुपारी ओतलं, संध्याकाळी झाकणाला कान लावला तर आत पाऊस पडल्यासारखी सळसळ. पाचव्या दिवशी नळी एकोणीसवर आली.

ओडलाइव्हचा फोन आलाच. "चढलं ना? चढणारच. आजोबांचं यीस्ट आहे ते."

"तुझे आजोबा तळ्यापलीकडे राहतात," ब्रिनहिल्ड म्हणाली. "चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. स्कर्ट घालतात. तुला लाज वाटली असेल म्हणत होते."

पलीकडे ओडलाइव्हचा आवाज खाली आला. "तू कोणाला सांगितलंस का?"

एकतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला विचारायला त्याला एवढंच सुचलं.

"स्युरला सांगितलं," ती खोटं बोलली आणि फोन ठेवला.

लग्नात अस्लाउग मानाच्या टेबलाशी नवरीशेजारी बसली. ओडलाइव्ह चाकांच्या खुर्चीतून आला आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता बसून राहिला. स्युरला तर त्याने जवळही फिरकू दिलं नाही. पाहुण्यांनी बिअरची तोंडभरून तारीफ केली. आपला भाऊ आपल्यावर का उखडलाय, हे बिचाऱ्या स्युरला आजतागायत कळलेलं नाही. ब्रिनहिल्डला ते सांगायची घाई नाही.