पुढच्या सीटचे पट्टे

पळसदरीला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौबळ साहेबांचं फार्महाऊस आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये परवापरवापर्यंत एक विमान होतं. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, मधे लाकडी खांब आणि तारा, अंगावर पिवळा रंग दिलेलं कापड. फार पूर्वी अशा विमानात बसवून नव्या वैमानिकांना शिकवत. साहेबांनी तरुणपणी त्यावरच कितीतरी मुलं तयार केली. पुढे ते भंगारात निघालं, तेव्हा इंजिन नसलेला तो सांगाडा त्यांनी विकत घेऊन इथं आणला.

लडकू हा तिथला राखणदार. वरच्या ठाकरवाडीतला, साठीला आलेला, बोलायला कमी. त्याची बायको बुधी घरकाम करायची आणि दोघांच्या वाटचं बोलायची.

रंगभूमी सुटल्यावर मी शेजारी राहायला आले. संध्याकाळी, तोंडाला रंग लावायच्या वेळेला, मला चैन पडत नसे. अशीच एकदा भटकत त्या शेडपाशी गेले आणि पाहते तर आत प्रयोग रंगलेला!

साहेब पुढच्या सीटवर, लडकू मागच्या. दोघांमध्ये बोलायची रबरी नळी.

"नाक वर घे. हं... आता खाली उल्हास नदी दिसेल."

"दिसली, साहेब."

मी उलट्या खोक्यावर टेकले, आणि खरं सांगते, मलाही दिसली. भाताच्या खाचरांमधून वळत गेलेली, उन्हात चकाकणारी. त्या दिवसापासून मी त्या खेळाची रोजची प्रेक्षक झाले.

दोन्ही सीटपुढचे दांडे आतून जोडलेले होते. लडकूने मागचा दांडा ओढला की पुढचाही साहेबांच्या मुठीत हलायचा. त्यावरून त्यांना शिष्याचा हात कळायचा. साहेबांनी एकदा मला वैमानिकांतली रीत सांगितली. शिकणारा तयार झाला की मास्तर एक दिवस मुकाट्याने खाली उतरतो. रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधतो, कारण ते लोंबकळले तर दांड्यात अडकतात. मग म्हणतो, जा एकटा. त्या दिवसापासून तो वैमानिक.

लडकू त्या दिवसाची वाट बघत होता.

"साहेब, आज?"

"आज नाही रे. डावा पाय जड आहे तुझा. कर्जतला निघतोस आणि खोपोलीला पोचतोस."

बुधी झाडू टेकवून हसायची. "आमची कोंबडी आंब्यावर तरी चढते गं बाय! ह्यो बसल्या जागी दमतो."

"तू बस एकदा, मंग बोल."

"बाजाराला नेशील त्या दिशी बसंन."

गेल्या हिवाळ्यात साहेब झोपेतच गेले. त्यांच्या मुलाने विमान एका संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. उद्या सकाळी ट्रक येणार असा निरोप आला आणि त्या दिवशी लडकू जेवलाच नाही. शेडच्या दारात बसलेला दिसला, तेव्हा मी जवळ गेले.

"माझं राह्यलं, बाई," तो म्हणाला.

मला एकदम स्फुरण चढलं. साहेबांची टोपी खुंटीवर होती, त्यांचा आवाज माझ्या कानात होता. म्हटलं, "मी बसते पुढे. हुबेहूब साहेब उभे करते बघ."

त्याने हळूच मान हलवली. "तुमी लई झ्याक कराल. पण ते नाटक व्हईल."

इतका नेमका अभिप्राय मला उभ्या हयातीत कुणी दिला नव्हता. मी माझ्या खोक्यावर जाऊन बसले.

उन्हं सोंडाईच्या डोंगराला लागली होती. बुधी आली, ओले हात लुगड्याला पुसले आणि काही न विचारता पुढच्या सीटवर चढली. लडकू बघतच राहिला.

"बसतोस का जाऊ?"

तो बसला. पुढचा दांडा तिने दोन्ही हातांत धरला. नळी तोंडाशी नेली.

"डावा पाय हलका ठेव."

"तुला कसं ठावं?"

"रोज झोपंत बडबडतोस, मला नाय ठावं व्हनार? नाक वर घे."

वाऱ्याने पत्रा वाजला. पंख्यासारखं काहीतरी माझ्याही कानात घुमू लागलं.

"वाडी दिसती का रं?"

"दिसती."

"आपलं घर?"

"दिसतं. दारात तुझी वाकळ वाळत घातलीय."

पुढचा दांडा तिच्या मुठीत हळू डावीकडे गेला, थांबला, मधोमध आला. मग दांडा सोडून ती खाली उतरली. पायरीवर उभं राहून आत वाकली, पट्टे एकत्र ओढले आणि लाकडाच्या मोळीला मारते तशी गाठ मारली.

"जा एकला," ती म्हणाली. "दिवा लावायच्या आत ये."

लडकूने नजर समोर लावली. रिकाम्या सीटपुढचा दांडा आपसूक मागे सरकला, आणि आम्ही दोघींनी माना वर केल्या. पळसदरीचं पाणी खाली खाली गेलं असणार. भिवपुरीच्या वीजघराचे मोठे पाइप रेघोट्यांएवढे झाले असणार. किती वेळ गेला कोण जाणे.

"बुधे, अंधार पडतोय गं," मी कुजबुजले.

"चुलीवर भात हाय, बाई," ती वर बघतच म्हणाली. "पन त्याला आधी उतरू द्या."