पाठीची पन्हळ

जपानातल्या साकाईत ओरिए कुवाबाराकडे सुरी धारेला द्यायची तर आधी बोलणी खायची, हे गावाला पाठ होतं. नवरा गेल्यावर ती त्याच्या धार लावायच्या चाकावर बसली, त्याला बावीस वर्षं झाली. पातं पाहून ती माणसाची लायकी ओळखायची, आणि ओळखलेलं पोटात ठेवायची सवय तिला नव्हती. हॉटेलवाले आचारी बाहेर घसा साफ करून मगच आत येत.

इसोगाई मात्र सरळ आत आला. बापाची मासळीची जुनी खाणावळ पाडून त्यानं काचेच्या भिंतींची नवी उभारली होती. रेशमी रुमालातून त्यानं बापाची लांब सुरी काढली, कच्च्या माशाचे काप करायची.

"काकू, हे गंजाचे खड्डे घालवा. आरसा करा हिचा. दिव्याखाली टांगायचीय."

ओरिएनं सुरी उलटी केली. अशा सुरीची पाठ मधोमध किंचित खोलगट असते. त्या पन्हळीमुळेच काप पात्याला चिकटत नाही. इथे पन्हळच नव्हती. सपाट पाठ, वर खरखरीत दगडाचे ओरखडे.

"पाठ कुणी घासली?"

"मीच. व्हिडिओत बघून."

"व्हिडिओत बघून. बापानं चाळीस वर्षं हिची पाठ नुसती गोंजारली, आणि तू एका दुपारी सोलून काढलीस. आता दिव्याखाली टांग, नाहीतर फुलं वाहा. मढंच आहे."

"पण चमकेल ना?"

"तू चमकतोयस तशी चमकेल. ऐक, पोलाद एकाच कामापुरतं उरलंय. खड्डे घालवीन, नाहीतर पन्हळ पुन्हा कोरीन. दोन्ही केलं तर हातात डब्याचा पत्रा येईल."

"गिऱ्हाईक बघतं, काकू. कापायला दुसऱ्या आहेत माझ्याकडे."

ओरिएनं आतून जेवणासाठी ठेवलेला बांगड्याचा तुकडा आणून त्याच्यापुढे आदळला. "काप."

त्यानं सुरी ओढली. काप पात्याला चिकटून बसला. बोटानं सोडवायला गेला तर फाटला. दुसरा चिकटला. तिसऱ्याच्या चिंध्या झाल्या.

"बाबांचा काप आपला आपण आडवा व्हायचा," तो हळूच म्हणाला.

"व्हायचाच. ती पन्हळ माझ्या नवऱ्यानं कोरलेली."

चौथा काप त्यानं नखानं खरवडला आणि सुरी तिच्यापुढे सरकवली. "पन्हळ कोरा."

"पातं दोन सुतांनी अरुंद होईल. गंज तसाच दिसेल."

"दिसू दे."

"मालकांना अक्कल आली. बांगडा फुकट गेला नाही म्हणायचा."

चार दिवसांनी तिनं सुरी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. रेशमी रुमालानं तिनं चाकाचं तेल पुसलं होतं. या वेळी बांगडा इसोगाईनंच आणला होता. त्यानं एक काप ओढला. काप पात्यावरून सुटला आणि फळीवर निवांत आडवा झाला.

इसोगाई कमरेत वाकला.

"मला कशाला वाकतोस?" ओरिए चाकाकडे वळत म्हणाली. "पुन्हा पाठीला खरखरीत दगड लावलास ना, तर सुरी आणू नकोस. हात घेऊन ये. तेच चाकावर धरते."