डावखुऱ्या निबची तीन पत्रं

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण कुणी शाईच्या पेनानं सही करताना दिसलं की मला ते आठवतं आणि स्वतःचाच राग येतो. नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, खुनांचे तपास केले. त्या गोष्टी नातेवाईक चवीनं ऐकतात. ही मात्र घरीसुद्धा कधी सांगितली नाही. आता कुणाचंही नाव न घेता लिहितो आहे.

मी तेव्हा धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, डोंगरालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी एक बागायतदार तक्रार घेऊन आला. तालुक्यात वजन असलेला माणूस. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं की मुलाकडच्यांना निनावी पत्र जायचं की मुलीला फेफरं येतं. दोन सोयरिकी अशा मोडल्या होत्या, तिसरी नुकतीच ठरली होती, आणि बाप हादरून गेला होता. तिसरं पत्र आदल्याच दिवशी आमच्या टपालात येऊन पडलं होतं. त्यात फेफऱ्याचं काही नव्हतं. मुलीला अठरा पूर्ण नाहीत, पोलिसांनी चौकशी करून लग्न थांबवावं, एवढंच होतं.

मी बापाला विचारलं. सगळे कागद आहेत म्हणत त्यानं लगेच खिशातून आधार कार्ड काढलं.

"साहेब, आमनी पोर अठरा वरीसनी शे. बठ्ठा कागद शेतस."

कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती. आमचा निम्मा तालुका एक जानेवारीला जन्मलेला आहे, असं आम्हीच ठाण्यात चहा पिताना हसायचो. खरी तारीख कुणाला सांगता आली नाही की कार्ड काढणारा तीच टाकून देतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी झेरॉक्स कागदांना लावली आणि तो विषय माझ्यापुरता संपवला. लिहिणाऱ्याला हुडकायचं, एवढंच डोक्यात होतं.

बापानं आणलेली दोन आणि आमच्या टपालातलं एक, अशी तिन्ही पत्रं टेबलावर मांडली. अक्षर मुद्दाम मोडून काढलेलं होतं, पण पेन शाईचा होता आणि निब साधी नव्हती. तिचं टोक तिरकं कापलेलं असावं, कारण एका बाजूच्या रेघा जाड आणि दुसऱ्या बाजूच्या बारीक उमटल्या होत्या. काही अक्षरांवरून हात फिरून शाई उजवीकडे पुसटली होती. आमचे हवालदार जुने, मुरलेले. ते म्हणाले, लिहिणारा डावखुरा आहे, डाव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरावरून पुढे सरकतो. दुपारी खबरही आली. मुलीच्याच गावात एक निवृत्त गुरुजी होते, डावखुरे, अजून दौतीतून शाई भरणारे. दर शनिवारी शाळेत जाऊन पोरांचं अक्षर सुधारायचे. मला आणखी काय हवं होतं!

गुरुजींना बोलावलं. पंचांसमोर पेन जप्त केला, कोऱ्या कागदावर चालवून पाहिला. तशाच तिरक्या रेघा उमटल्या. त्यांना मी व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्या दिवशी आठवडे बाजार होता. टोपल्या घेऊन जाणारी माणसं थांबून बघत होती, त्यांचे जुने विद्यार्थी मान खाली घालून पुढे जात होते. मुद्दामच बाजाराचा दिवस धरला होता. लाजेनं माणूस लवकर बोलतो, हा आमचा ठाण्यातला अनुभव.

गुरुजी लवकर बोलले नाहीत. निब अशी का, एवढंच त्यांनी सांगितलं. लहानपणी डाव्या हातानं लिहिलं म्हणून बोटांवर छड्या खाल्ल्या होत्या, नोकरी लागल्यावर जळगावच्या एका पेन दुरुस्त करणाऱ्याकडून आपल्या हाताला बसेल अशी निब घासून घेतली. असा दुसरा पेन कुणाकडे आहे, असं विचारलं की गप्प. संध्याकाळी मात्र ते म्हणाले, "साहेब, लिहिणारा सापडेल तेव्हा सापडेल. लिहिलंय ते खरं की खोटं, ते आधी बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख असते."

"मला तपास शिकवू नका," मी म्हणालो.

हे वाक्य मी सत्तर पार केलेल्या माणसाला ऐकवलं, अख्ख्या ठाण्यासमोर.

हस्ताक्षराचा अहवाल यायला महिने लागतात, म्हणून मी पेन आणि पत्रं घेऊन जळगाव गाठलं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत डोळ्याला भिंग लावून बसलेला साठीचा गृहस्थ. गिऱ्हाईक आलं की तो आधी दोन ओळी लिहायला लावायचा आणि मग निब काढायचा. चपलेचं माप घेतात तसा हा हाताचं माप घेत होता. त्यानं पत्रं भिंगाखाली धरली, गुरुजींच्या पेनानं कागदावर चार ओळी ओढल्या आणि मान हलवली. हा तो पेन नाही, म्हणाला.

मी चिडलो. रेघा सारख्या आहेत, मला दिसतंय. त्यानं शांतपणे समजावलं. गुरुजींचा हात हलका, पेन नुसता टेकवून लिहिणारा. अशा हाताला मऊ निब लागते आणि तिच्याखाली भरपूर शाई सोडणारं फीड. फीड म्हणजे निबखालचा तो खाचांचा काळा तुकडा, शाई पुढे आणणारा. पत्रं लिहिणारा हात दाबून लिहितो. दाबलं की निबचे दोन्ही पाय फाकतात, आणि फीड हात राखून शाई देणारं असेल तर मधली शाई तुटते, रेघेच्या मधोमध पांढरी फट राहते. त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. फटी दिसल्या. सगळ्यात जास्त फटी ठाण्याला आलेल्या पत्रात, वयाच्या ओळीत होत्या. ते मी टिपूनसुद्धा घेतलं. पुरावा म्हणून.

"ही पत्रं लिहिणारा पेनही मीच बनवलाय," तो म्हणाला. "गुरुजींनीच सांगितलं होतं. म्हणाले, एक विद्यार्थिनी आहे, माझ्यासारखीच डावखुरी, हुशार आहे, पण फार दाबून लिहिते आणि वही सगळी फासते. निब माझ्यासारखीच तिरकी काप, पण कडक ठेव, आणि फीड कमी शाई सोडणारं बसव. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून बक्षीस द्यायचंय."

परत येताना मी जीपमध्ये खुशीत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायला बसलोय.

गुरुजींची ती डावखुरी विद्यार्थिनी म्हणजे बागायतदाराचीच मुलगी, हे गावात विचारताच कळलं. तिला बापासोबत बोलावलं. महिला शिपायासमोर तिनं डाव्या हातानं दोन ओळी लिहिल्या आणि तिसरी लिहायच्या आधीच कबूल केलं. तिन्ही पत्रं तिचीच. स्वतःचीच लग्नं ती मोडत होती. तिला पुढं शिकायचं होतं. मी तिला अर्धा तास सुनावलं. बापाची अब्रू, घराण्याचं नाव, माझ्या खात्याचा वेळ. मध्येच ती म्हणाली, "साहेब, ते वयाचं..." मी म्हणालो, गप्प बस. बापानं माझे पाय धरले, तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला, मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि फाईल बंद. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांत तिचं लग्न झालं, गुजरातच्या हद्दीजवळच्या नातेवाइकांच्या गावी, गाजावाजा न करता.

त्यानंतर गुरुजी पेन घ्यायला आले. पावतीवर सही केली आणि खिशातून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून माझ्यापुढे ठेवला. मुलगी सोळा वर्षांची होती. हे त्या दिवशी स्पष्ट का सांगितलं नाही, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, तुम्ही रजिस्टर बघितलं असतं तर तिचं नाव न घेता लग्न थांबलं असतं. मी सांगितलं असतं तर मला कसं कळलं, असं तुम्ही विचारलं असतं, आणि पत्रं तिची आहेत हे तिच्या बापाला त्याच दिवशी कळलं असतं. शेवटी ते बापाला कळलंच, पण गुरुजींमुळे नाही, माझ्यामुळे.

कायद्यानं तेव्हाही गुन्हा दाखल करता येत होता. बाप वजनदार, माझी जळगावला बदली व्हायच्या बेतात. मी उतारा ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढच्या अधिकाऱ्याला चार्ज देताना तो तिथंच राहिला. गुरुजींनी शनिवारी शाळेत जाणं सोडलं, असं हवालदारांनी नंतर फोनवर सांगितलं. ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस आपल्या पोरांना शिकवायला नको, असं दोन पालक म्हणाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथं तर चोरच नव्हता आणि फाशी मात्र दोघांना झाली.

निवृत्तीनंतर एकदा मी जळगावच्या बसस्थानकावर शिरपूरच्या गाडीची वाट बघत होतो. एक बाई समोर येऊन उभी राहिली, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही. तिनंच गावाचं नाव सांगितलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. तसं काही झालं नाही. माझी तब्येत विचारली. गुरुजी वारले ते मला माहीत आहे का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग मुलीला पाण्याची बाटली भरायला पाठवून ती म्हणाली,

"साहेब, लोकांना लिहिलेली दोन पत्रं खोटी होती, ते मी तेव्हाच कबूल केलं. तुम्हाला लिहिलेलं खरं होतं."

मुलगी बाटली भरून आली. तिची गाडी लागली, ती मुलीला घेऊन चढली.

नव्या फौजदारांसमोर बोलायला मला अधूनमधून बोलावतात. निनावी पत्र आलं की लिहिणाऱ्याच्या मागे लागायच्या आधी त्यात काय लिहिलंय ते तपासा, असं मी त्यांना सांगतो. ते वहीत लिहून घेतात. हे मला कुणी शिकवलं, असं त्यांनी अजून विचारलेलं नाही, आणि विचारलं तर सोळा वर्षांच्या मुलीनं, हे सांगायचं धाडस माझ्यात येईल की नाही, कोण जाणे.