तिजारे काकांचे सहा प्लग

रोज सकाळी सहाला आमच्या गल्लीत एक गाडी सुरू व्हायची आणि बरोबर वीस मिनिटांनी बंद व्हायची. ती कुठेही जात नसे. बॉनेट उघडं असायचं आणि शेजारचे तिजारे काका लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे असायचे. भिलाईत राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना असं पाहिलं आणि कुणाला तरी बोलवावं की काय, असं मला वाटलं. "घाबरू नको पोरी," डोळे न उघडता ते म्हणाले, "इंजन बोलून राहिलं, मी ऐकून राहिलो."

काकांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेली होती. रिटायर होताना त्यांनी एक जुनी, सहा सिलिंडरची पेट्रोल एसयूव्ही घेतली. ती गल्लीत वळवायची तर दोन घरांच्या कुंड्या आत घ्याव्या लागत. तेल बदलायचं असलं तरी प्लांटच्या नियमानं स्टिअरिंगला लाल पाटी लटकायची: 'शटडाऊन. सुरू करू नये.' किल्ली काकूंच्या ताब्यात जाई आणि कामाच्या परवानगीसाठी ठेवलेल्या रजिस्टरवर काकूंची सही होई. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, पण त्यांच्या सहीशिवाय काका पान्याला हात लावत नसत. "बिघडल्यावर दुरुस्त करते तो मिस्त्री," ते मला सांगत, "बिघडूच देत नाही तो मेंटेनन्सवाला."

काकूंचं एकच मागणं होतं. वर्ध्याला त्यांची थोरली बहीण होती. ताईंचे गुडघे गेलेले, त्यांना प्रवास झेपत नव्हता. धाकटी मोठ्या गाडीतून येणार, असं त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. काकू रेल्वेनं जाते म्हणाल्या की काका दुखावत. "घरी एवढी गाडी असून रेल्वेनं कावून?" आणि गाडी काढा म्हटलं की प्लग आडवे येत.

गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, स्पार्क प्लग चाळीस हजार किलोमीटरला बदलावेत. गाडी झाली होती अडतीस हजारांच्या वर. "प्लग एवढे जवळ आले अन् लांबचा रूट?" काका म्हणत. "मग आत्ताच बदला की," मी एकदा सुचवलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चांगला पार्ट काढून फेकाले मी काय ठेकेदार आहो?" म्हणजे प्लग बदलल्याशिवाय लांब जायचं नाही, चाळीस हजार झाल्याशिवाय प्लग बदलायचे नाहीत, आणि लांब गेल्याशिवाय चाळीस हजार होत नाहीत. गाडी भाजीबाजारात जाई आणि परत येई. अशी दोन वर्षं गेली.

मग एका दिवाळीला ताईंचा फोन आला. "मी आहो तोवर येऊन जा," एवढंच त्या म्हणाल्या. काकू भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी रजिस्टरवर सही करणं बंद केलं.

काका दोन दिवस लाल पाटी हातात घेऊन घरात फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांना तोडगा सुचला. राहिलेले चौदाशे किलोमीटर इथंच करायचे. रोज चहा झाला की गाडी पंधराएक किलोमीटरवरच्या कुम्हारीपर्यंत जायची आणि तिथून वळून घरी यायची. फार कंटाळा आला तर अहिवारा. "कुम्हारीच्या पुढं नाही. पुढं लांबचा रूट लागते." गाडी रस्त्याच्या कडेनं, चाळिसाच्या वर न जाता चालायची. मागच्या सीटवर काकू मेथी निवडायच्या. रविवारी मीही जायची. एकदा एका ट्रकवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "गाड़ी खराब है क्या, चाचा?" काकांनी काच वर केली. दीड महिन्यानं आकडा पुरा झाला तेव्हा काकू मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "एवढ्यात वर्धेले दोनदा जाऊन आलो असतो."

जवळच हथखोजला साहू मिस्त्रीकडे गाडी नेली. पुढचे तीन प्लग पटकन निघाले. मागच्या तिघांसाठी इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागला. साहूनं सहाही प्लग ओळीनं कागदावर ठेवले. सगळे काळेकुट्ट. "बाबूजी, खड़े-खड़े चलाते हो क्या?"

"रोज. बीस मिनट," काका अभिमानानं म्हणाले.

"वही तो. उसी से कालिख जमती है. लंबा चलाओ, खुलके चलाओ, प्लग अपने आप साफ रहेगा."

काकांनी एकेक प्लग उचलून उजेडात धरला. मला त्यांची खरंच दया आली. स्टुलावर बसलेल्या काकूंनी विचारलं, "ऐकलं?"

"ऐकलं," काका म्हणाले. मग शेवटचा प्लग कागदावर ठेवत म्हणाले, "उद्या सहाले निघू."

वर्ध्याला ताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आधी गाडी डोळे भरून पाहिली, मग बहिणीला जवळ घेतलं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. पेचकसाचा कार्यक्रम त्या दिवसापासून बंद झाला. काकांना आता लांबच्या रूटचं वेड लागलं. चंद्रपूर, जगदलपूर, दर दोन महिन्यांनी वर्धा, आणि निघायचं ते सकाळी सहालाच. कुठं निघालात विचारलं की उत्तर एकच, "प्लग साफ करून येतो."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मला अजून सकाळी सहाला जाग येते आणि गल्ली शांत असते, ते मला आवडत नाही.

महिन्याभरानं काकू किल्ली घेऊन माझ्या दारात आल्या. "नेते का तू मले ताईकडे?" मी लगेच हो म्हणाले. गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि मीटर पाहिलं. एकोणऐंशी हजार सातशे. वर्धा इथून साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजार वाटेतच होणार.

"काकू," मी म्हणाले, "प्लग जवळ आलेत. आधी बदलून घेऊ, मग लांब जाऊ."

काकू माझ्याकडे वळल्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"तुले बी लागलं का ते?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून काकांचं रजिस्टर काढलं, मांडीवर ठेवून सही केली आणि माझ्यापुढं धरलं. "हे घे. आधी साहूकडे, मग ताईकडे. चाल आता."