रंध्यावर उठलेलं स्वस्तिक

चौसाळ्याचा गहिनीनाथ सुतार मशीनला जेवढा जपतो तेवढा स्वतःच्या जिवाला जपत नाही. त्याचं रंधा मशीन बापाच्या वेळचं. रोज संध्याकाळी भुसा झाडायचा, डिझेलचा बोळा फिरवायचा, वरून तेलाचा हात. एकदा मी मशीनच्या लोखंडी पाटावर चहाचा कप ठेवला, तर त्यानं मला गिऱ्हाईक असूनही झापलं. माझे दोन दरवाजे त्याच्याकडे अडकलेले, म्हणून मी कप उचलून घेतला.

गेल्या दसऱ्याला त्याच्या बायकोनं, सत्यभामावहिनींनी, मशीनची पूजा केली. पाटावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळाचं पाणी शिंपडलं आणि दोघं लेकीकडे केजला गेले. चार दिवसांनी येऊन बघतात तर कुंकू उडालेलं आणि खाली गंजाचं तस्संच स्वस्तिक उठलेलं!

गहिनीनाथनं पॉलिश पेपर उचलला. वहिनी आडव्या आल्या.

"स्वस्तिक पुसता? हात झडतेल!"

"अगं, गंज हाय त्यो. आत उतरला तर पाट गेला. असलं लोखंड आता कुटं मिळतंय?"

"न्हाई मिळालं तर न्हाई. हात लावायचा न्हाई."

गल्लीत बातमी पसरली. बाया हळदकुंकू घेऊन येऊ लागल्या, एकीनं तर अख्खा तांब्या ओतला. गहिनीनाथ कोरडं फडकं घेऊन त्यांच्या मागं मागं. काम ठप्प. मला तर गहिनीनाथचा, त्या बायांचा, सगळ्यांचाच संताप आला.

शेवटी त्यानं जाहीर केलं, "ह्या देवाला पाणी चालत न्हाई. फकस्त मशीनचं तेल!"

बायांकडं मशीनचं तेल कुठलं? गर्दी ओसरली. मग स्वस्तिकही फिकं होत चाललं. "बघा तेलाचा गुण," गहिनीनाथ मला ऐटीत सांगायचा.

एका दुपारी मी दरवाजांसाठी भांडायला गेलो. गहिनीनाथ जेवून बाजेवर घोरत होता. मशीनवर वाकून वहिनी पॉलिश पेपर घासत होत्या, कोपरापर्यंत डिझेल.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्हीच तर म्हणत होता हात झडतील."

त्या दचकल्या, मग हळूच बोलल्या, "म्हणूनच की. त्यायची बोटं रोज पात्यापाशी असतेत, भाऊजी. देव कोपलाच तर माझ्या हातावर कोपू दे. भाकरी काय, मी डाव्या हातानंबी थापीन."