शिवण वाचणारे नाना

नानांना अक्षरओळख नव्हती, पण पोत्याची शिवण त्यांना वाचता येत असे. चंदीचं, म्हणजे घोड्यांच्या खाद्याचं, नवं पोतं टेम्पोतून उतरलं की ते त्याच्या तोंडाशी उकिडवे बसत. शिवणीवरून अंगठा फिरवत, दोऱ्याचा रंग बघत. मग पोतं उघडून मूठभर चंदी हुंगायची, चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायची आणि बराच वेळ चघळत राहायचं. पसंत पडलं तर मान हलायची. नाही तर टेम्पोवाल्याची खैर नसे. "कागद काय दावतो मला? ही शिवण आपली न्हाई. ने माघारी!" उरवड्याजवळच्या आमच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार त्यांना पाठीमागे 'सासूबाई' म्हणत, कारण त्यांच्या हातून एकही पोतं नाव ठेवल्यावाचून आत गेलं नव्हतं.

मी तिथे कार्यालय सांभाळायला लागले ती पती वारल्यानंतर. पिरंगुटला एक खोली भाड्याने घेतली होती. मराठी घेऊन एम.ए. झालेली, घोड्याच्या जवळून जायलाही भिणारी बाई. दुपारी काम नसलं की मी पुस्तक उघडत असे. नाना दारात थांबत.

"बाई, घोड्यावर लिवलंय का कुटं त्यात?"

"नाही हो नाना, माणसांवर आहे."

"मग लई वंगाळ आसंल," असं म्हणून ते निघून जात.

ते जवळच्या भरे गावचे, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना भांडीकुंडी, अंथरूण, कोकरं सगळं एका तट्टाच्या पाठीवर असे. "आमचं घर घोड्याच्या पाठीवर व्हतं, बाई. घोडं बसलं की घर बसलं." पुढे माळरानांचे प्लॉट पडले, चरायला जागा उरली नाही, मेंढरं विकावी लागली. तबेल्यात ते मोतद्दार म्हणून आले आणि काही वर्षांत गोदामाची किल्ली त्यांच्या करदोड्याला लागली. ती किल्ली म्हणजे त्यांचा मान होता. ते सांगायचे, "शेळीला काटा रुतला तर ती गाव गोळा करती. घोडं गप ऱ्हातं. ते बोलत न्हाई, म्हणून त्याच्या तोंडात जायच्या आधी आपल्या तोंडात जाया पायजे."

भाचीच्या लग्नाला दोन दिवस जायचं होतं तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पोती येतील उद्या. पांढऱ्या दोऱ्याची आसतील तर उघडा. शिवण बदललेली दिसली, तर मी येईस्तवर हात लावायचा न्हाई. तवर नुसतं गवत घाला. घोडी काय मरत न्हाईत गवतावर."

पोती आली. शिवण तांबड्या दोऱ्याची होती. मला ती दिसली, नानांचं बोलणंही आठवलं. पण पोत्यावर ठळक अक्षरांत 'अश्व आहार' असं छापलेलं होतं, आणि मी वाचता येणारी बाई होते. दोऱ्याचं काय एवढं, असं मनात म्हणाले. खरं सांगायचं तर मला थोडं हसूही आलं. मी स्वतः तो दोरा ओढला, चंदी बादल्यांत भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन घोड्यांनी दाण्याकडे पाठ फिरवली. त्यांतली चांदणी नावाची घोडी उभ्या जागी घामाने निथळत होती आणि तिचे मागचे पाय लटपटत होते. डॉक्टरांनी येताच विचारलं, "चंदी बदलली का?"

"नाही," मी म्हणाले. "रोजचीच."

हे उत्तर माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाही ते खरं वाटलं. डॉक्टर पोटदुखीवर औषध देत राहिले. दुपारी, जी घोडी अजून खात होती त्यांना त्याच पोत्यातली चंदी पुन्हा दिली गेली. मी खिडकीतून बघत होते. उठले नाही.

नाना तिसऱ्या प्रहरी आले. गोदामाच्या दाराशी तांबडा दोरा पडला होता, तो त्यांनी उचलला आणि धावत डॉक्टरांपाशी गेले. "डाक्तर, चंदी बदललीया!" तेवढ्यावर सगळं उलगडलं. आमची चंदी येई त्याच गिरणीत कोंबड्यांचं खाद्य बनत असे, त्याची पोती तांबड्या दोऱ्याने शिवत, आणि ते चुकून घोड्यांच्या पोत्यांत भरलं गेलं होतं. त्यात घातलेलं औषध कोंबड्यांना मानवतं, घोड्याच्या काळजाला मात्र ते विष. "सकाळीच कळतं तर फार बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

मालक पुण्याहून आले होते. "पोतं उघडलं कोणी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

"मीच सांगून गेलतो, लागली तर उघडा म्हणून," नाना म्हणाले.

नंतर मी एकटी असताना ते मला म्हणाले, "तुमी नव्या. तुमाला तितल्या तितं काढलं आसतं. मला कोन काढतंय? मालकाचा राग निवला की तुमीच सांगा सावकाश."

पुढचे पंधरा दिवस मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. आजारी घोड्यांना जराही दमवायचं नव्हतं. नानांनी आधी चपला काढल्या, मग सगळ्यांना काढायला लावल्या. बादली आपटू नये म्हणून तिच्या बुडाला गोणपाट बांधलं. बाकीच्या घोड्यांना पलीकडच्या गोठ्यात हलवलं, म्हणजे ती दिसून यांनी खिंकाळायला नको. हिरवं गवत बोटभर चिरून ते एकेक घास हातातून देत आणि जबड्याखाली दोन बोटं ठेवून नाडी बघत. चांदणी बसली तेव्हा तिला कूस बदलून देताना त्यांचा खांदा भरून आला, तरी दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. नानांनी स्वतःची घोंगडी तिच्यावर घातली आणि उरलेल्या दोघांकडे वळले. ते दोघे वाचले, पण काळीज कायमचं दुखावलेलं. त्यांच्यावर पुन्हा कधी कुणी स्वार व्हायचं नव्हतं.

मालकांनी नानांना काढलं नाही. त्यांनी गोदामाची किल्ली काढून घेतली. सगळ्यांसमोर ती माझ्या हातात देत म्हणाले, "शिकलेल्या माणसाकडे असलेली बरी."

नानांनी मान खाली घातली. मी किल्ली घेतली.

सदाशिव नावाचा एक मोतद्दार फार बोलका. त्याने त्याच दिवशी विनोद केला, "बगा की, सुनंनं सासूकडची किल्ली काढून घेतली!" सगळे खदखदून हसले. नानाही कसंनुसं हसले. त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत. "बाई, किल्ली देता का?" आवाजात टोमणा नसे, राग नसे. मी किल्ली देई आणि घाईने पुस्तकात डोकं घाली. मालकांचा राग केव्हाच निवला होता. उद्या सांगू, असं मी रोज ठरवत असे. पुस्तकावर नाना पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात दुपारी जेवून नाना अंगणात जरा टेकले, ते उठलेच नाहीत. दहाव्यानंतर मी भऱ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी पारूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, तांबड्या दोऱ्यापासून.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? चूक तुमची, तोंड तुमचं." मला रडू आलं, तेव्हा मात्र त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "हितं रडू नका, बाई. ते जितं मान खाली घालून हुबे ऱ्हायले, तितं जाऊन बोला."

दुसऱ्या दिवशी मालक यायचे होते. सकाळी शेडखाली सगळ्यांच्या हातात चहा होता, माझ्याही. मी उभी राहिले. मी म्हणाले की पोतं मी उघडलं, नानांनी नको म्हटलं असताना उघडलं, डॉक्टरांशी मी खोटं बोलले आणि नानांनी माझी चूक स्वतःवर घेतली. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग सदाशिव हळूच म्हणाला, "बाई, दोन वर्सं?"

मी मान हलवली. सगळं सांगून झालं होतं, आणि हातातला चहा अजून गरमच होता.