काचेपलीकडचा हात

ओटिस विंगेट आयुष्यात कधी घोड्यावर बसला नाही. बाल्टिमोरच्या धक्क्यावर कालवं सोलणाऱ्या बापाचा हा मुलगा. घोडा त्याला लांबूनच बरा वाटायचा, आणि वाळल्या गवताचा नुसता वास आला तरी शिंका सुरू. पण तोच ओटिस मायक्रोफोनसमोर उभा राहून "हो... हो, पोरांनो, दमानं" असं घोड्यांना म्हणायचा, तेव्हा माँटानातले खरे गुराखी रेडिओच्या जवळ सरकून बसायचे. त्यांची पत्रं यायची, की लगाम कसा धरावा ते या माणसाकडून शिकावं.

‘ड्राय फोर्कचा शेरीफ’ ही आमची मालिका. ओटिस त्यात टपालगाडी हाकणारा म्हातारा ज्यूब. शेरीफ गोळ्या झाडायचा, मी गुत्त्याची मालकीण होऊन त्याला टोमणे मारायची, आमचा आवाजवाला गस करवंट्या वाळूत आपटून घोडे दौडवायचा. शेवटी मात्र आम्ही सगळे मागे सरायचो आणि ज्यूब एकटा पुढे यायचा. शेकोटीशी बसल्यासारखा थोडा वेळ बोलायचा, त्या दिवशी गावात काय घडलं आणि कोण गेलं त्याबद्दल. तेवढ्या बोलण्यासाठी लोक मालिका ऐकत. हे मी म्हणते, आणि मी कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही.

पहिल्या दिवशी मी त्याला ‘विंगेटसाहेब’ म्हटलं होतं. तर म्हणाला, "तो माझा बाप, आणि तो मेला. मला ओटिस म्हण, पोरी, आणि अरे-तुरे कर. नाहीतर मला वाटेल मी आजारी आहे."

आमच्याकडे एकच खेळ दोनदा व्हायचा. पाच वाजता पूर्वेकडच्या लोकांसाठी, कारण तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजून जेवणं उरकलेली असायची. आणि आठ वाजता आमच्या पश्चिम किनाऱ्यासाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. तबकडीवर घेऊन वाजवायचं नाही, जिवंत करायचं. त्यासाठी युनियनमध्ये आम्ही घसे फोडले होते. दोनदा राबायचं तर दोनदा जिवंत माणूस लागतो, यंत्र नाही. मधल्या वेळात सगळे समोरच्या खानावळीत नाहीतर बारमध्ये. दुसऱ्या खेळाला कोण कसा येईल ते बारवर अवलंबून.

त्या शनिवारी पाचचा खेळ लवकर संपायला लागला. असं झालं की दिग्दर्शक काचेच्या खोलीतून हातांनी बोलतो. आतला एक शब्द आमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सगळं हातावर. बोट गरगर फिरवलं तर ‘लवकर आटप’. दोन्ही हात गुळाच्या पाकासारखे ताणले तर ‘लांबव’. नाकावर बोट ठेवलं तर ‘वेळेवर आहेस’. आमचा दिग्दर्शक हॅस्केल, लांब हातांचा माणूस, काचेमागे उभा राहून हात ताणत होता. ओटिस त्याच्याकडे तोंड करून उभा होता. थेट त्याच्याकडे. आणि ओटिसने शेवटचं बोलणं असं पळवलं की जणू गाडीमागे दरोडेखोर लागलेत. बोलणं संपलं आणि वेळ उरली. ऑर्गनवाल्याने बिचाऱ्याने तीच धून फिरवून फिरवून वाजवली.

प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला तसा हॅस्केल बाहेर आला. "ओटिस, माझ्याकडे बघत होतास की देवाकडे?"

"तुझ्याकडेच बघत होतो. पण तू इतका सुंदर दिसत होतास की हातांकडे लक्षच गेलं नाही."

सगळे हसले. हॅस्केल नाही हसला. "आठच्या खेळाला कॉफी कंपनीचा माणूस माझ्या शेजारी बसणार आहे. पुढच्या वर्षी आपल्याला ठेवायचं की नाही ते तो ठरवतो. मला हात बघणारा माणूस हवा. नसेल जमत तर शेवटचं बोलणं दुसऱ्याला देईन. ज्यूबलाही एखाद्या दरीत ढकलून देईन. सोपं आहे."

मी हसले नव्हते. मी ओटिसच्या शेजारी उभी होते आणि मला त्याचे डोळे दिसले होते. ते काचेवर होते, पण काचेवरचं काहीच त्यांच्यात उतरत नव्हतं.

खानावळीत मी त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याने चेरीचा केक मागवला होता आणि काट्याने बशीची कड चाचपत होता.

"किती दिसतं तुला?" मी विचारलं.

"सांगण्याजोगं नाही."

"सरळ सांग, ओटिस. माझं डोकं आधीच तापलंय."

"तुझं डोकं कधी थंड असतं?" मग त्याने काटा ठेवला. "उजेड दिसतो. तू तिथे बसलीस की एक गडद ठिपका दिसतो. बडबड करणारा ठिपका. डॉक्टर म्हणतो डोळ्यात दाब आहे, गेलं ते परत यायचं नाही."

"आणि कागद? दर आठवड्याला नवी स्क्रिप्ट येते!"

"डेला वाचते." डेला म्हणजे त्याची बायको. "ती सगळ्यांचे आवाज काढून वाचते. तुझा तर तुझ्यापेक्षा बरा काढते. मी ऐकतो, पाठ करतो. मग इथे येऊन कागद धरतो आणि तुम्ही पानं खाली सोडता त्याच वेळी मीही सोडतो. तुमच्या पानांची सळसळ ऐकू येते मला."

"आणि हॅस्केलचे हात?"

"तुम्हा लोकांसोबत बोलताना कळतात. तुम्ही धावलात की मी धावतो. तुम्ही रेंगाळलात की मी रेंगाळतो. पण शेवटी तुम्ही सगळे मला एकटं सोडून मागे जाता ना." त्याने काटा पुन्हा उचलला. "ते तेवढं मी अंदाजाने करतो. आज अंदाज चुकला."

मी म्हटलं, आत्ता जा आणि हॅस्केलला सांग. नाहीतर मी सांगते. युनियन आहे, मी आहे, कोण तुला काढतो ते बघू.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू काय करशील? भांडशील. ते म्हणतील, बरोबर आहे बाई, बिचारा आंधळा म्हातारा. मग मला जेवण देतील, एक घड्याळ देतील, फोटो काढतील. थेल्मा, एकदा ‘बिचारा’ झालो की कुणी मला खलनायकाचं काम देणार नाही, ज्यूबचं नाही, कशाचंच नाही. मला हे काम हवंय. दुसरं काही मला येत नाही. तोंड बंद ठेवशील असं वचन दे."

मला संताप आला. त्याचा, डॉक्टरचा, त्या चेरीच्या केकचा. पण वचन दिलं. दिलेला शब्द मी फिरवत नाही. 

आठच्या खेळाला कॉफी कंपनीचा माणूस काचेमागे बसला, पांढऱ्या बुटांचा, गुडघ्यावर हॅट ठेवून. सुरुवात उत्तम झाली. शेरीफ रंगात होता. मी पण. अर्ध्या वाटेवर शेरीफने खलनायक बकला म्हणायचं होतं, "हे शेवटचं, बक!" आणि गसने पिस्तूल झाडायचं होतं.

शेरीफ म्हणाला. पिस्तूल नुसतं खट्ट वाजलं.

गसने दुसरं उचललं. तेही खट्ट. अख्ख्या किनाऱ्यावर शांतता. शेरीफ घामाघूम झाला आणि म्हणाला, "तुझं... तुझं नशीब बरं, बक. बंदूक अडकली." बक खरं तर आत्ताच मरायचा होता. तो बिचारा हातातल्या कागदाकडे बघायला लागला. मी मध्ये घुसले, "अडकली तर काय झालं, माझ्या गल्ल्याखाली दुसरी आहे!" तोवर गसने छडी उचलून चामड्याच्या गादीवर असा फटका मारला की खरी गोळी सुटल्यासारखं वाटलं. बक मेला. आम्ही पुढे गेलो.

पण या सगळ्यात आमची वेळ गेली होती. हॅस्केलचं बोट गरगर फिरायला लागलं. आम्ही शब्द गिळत धावलो. तरी पुरेना. खेळ संपला की लगेच कॉफीची जाहिरात होती. घड्याळ भरलं की स्टेशन तोडतं, कुणाची वाट बघत नाही. ओटिसचं बोलणं लांबलं तर तुटणार होती ती जाहिरात. कॉफीवाल्याची कॉफी, कॉफीवाल्याच्या डोळ्यांदेखत.

आम्ही मागे सरलो. ओटिस पुढे गेला.

त्याला पाचची चूक दुरुस्त करायची होती. म्हणून त्याने सावकाश सुरुवात केली. इतकी सावकाश, इतकी सुंदर, की दुसरा कुठला दिवस असता तर मी रडले असते. "आज बकला टेकडीवर पुरला," तो म्हणाला, आणि थांबला. काचेमागे हॅस्केल दोन्ही बोटं फिरवत होता. ओटिस श्वास घेत होता. "वारा होता. टोपी काढली की टोपी उडून जाईल असा वारा..." हॅस्केलने काचेवर तळवा आपटला. आवाज आला नाही. काच जाड होती. कॉफीवाला पुढे वाकून विचारत होता, काय झालं?

शेरीफने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं म्हातारा मुद्दाम करतोय. माझ्या तोंडात शब्द होता आणि तो काढता येत नव्हता. मायक्रोफोन उघडा होता. खोकले असते तरी कॅनडाच्या हद्दीपर्यंत ऐकू गेलं असतं.

मी बूट काढले. गालिच्यावरून अनवाणी गेले आणि ओटिसच्या मागे उभी राहिले. त्याच्या कोटावर, दोन खांद्यांच्या मधोमध, बोट टेकवलं आणि गरगर फिरवलं.

त्याची पाठ ताठ झाली. मग मला जाणवलं की त्याला कळलं. आवाजात कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही, पण वाक्यं आखूड व्हायला लागली. बोलण्यातून वारा गळला, टोपी गळली, बकची आई गळली. मी फिरवत राहिले. हॅस्केल काचेमागे थबकून माझ्या हाताकडे बघत होता. त्याने माझ्याकडे बघून बोट फिरवलं आणि मी तेच ओटिसच्या पाठीवर काढलं. मग त्याचं बोट हळूहळू थांबलं. नाकावर गेलं. ओटिसच्या पाठीवर नाक कुठून आणणार? मी तळवा सपाट ठेवला आणि तसाच राहू दिला.

"...निजा आता," ज्यूब म्हणाला. "उद्या लवकर निघायचंय." ऑर्गन वाजला. कॉफी आली. अख्खी आली.

लाल दिवा विझला.  सगळ्यांनी पाहिलं होतं.

हॅस्केल आला. "कधीपासून?"

"थंडीपासून," ओटिस म्हणाला.

"आणि मी थंडीपासून एका आंधळ्या माणसाला हात करतोय." त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुला ठाऊक होतं, थेल्मा?"

"आज कळलं. आणि आवाज चढवू नका. रेडिओवर त्याला कुणी पाहिलंय का? कुठल्या श्रोत्याला त्याचे डोळे लागतात? काढून बघा त्याला. सोमवारी दारात युनियन..."

"थेल्मा, गप्प बस," ओटिस म्हणाला.

मला कुणी असं म्हटलं की मी गप्प बसत नाही. त्या दिवशी बसले.

"श्रोत्याला नाही लागत," हॅस्केल म्हणाला. "मला लागतात. घड्याळाला लागतात. आज ती होती. पुढच्या शनिवारी तिला पडसं झालं तर?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

कॉफीवाला दारात उभा होता. "आत काय चाललं होतं? ती बाई म्हाताऱ्याची पाठ का खाजवत होती?"

हॅस्केल वळला. "जुनी पद्धत आहे. थिएटरातली." आणि दार लावून घेतलं.

मग ओटिस बोलला. मायक्रोफोनचा आवाज नाही, साधा. "हॅस्केल, ज्यूब माझ्याकडे राहू दे. तो गाडीवर कुणासोबत असतो, गुत्त्यात कुणासोबत असतो. कुणी शेजारी असलं की मी चुकत नाही. तसा तू मला थंडीपासून एकदाही चुकताना पाहिलं नाहीस. शेवटचं बोलणं काढून घे. ते हिला दे."

"मला नको," मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय?"

हॅस्केल ओटिसकडे वळला. "कॉफीवाल्याला काय सांगू? लोक त्या बोलण्यासाठी ऐकतात."

"सांग की गुत्त्याची मालकीण शहाणी झाली. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ऐकतील."

कुणीतरी फिसकन हसलं. हॅस्केलने पानं गोळा करायला सुरुवात केली. हे त्याचं काम नव्हतं. "एकटा उभा राहायचं नाही," तो खाली वाकून म्हणाला. "कधीच नाही. ठरलं?"

"ठरलं."

त्या खोलीत सगळ्यात वाईट अवस्था माझी होती. आयुष्यभर मी कुणाच्या तोंडचा घास काढू नका म्हणून भांडले, आणि आता मलाच तो घास भरवला जात होता. मी ओटिसला म्हटलं, "मी हे घेतलं तर लोक म्हणतील आंधळ्याचं काम पळवलं."

"आणि नाही घेतलंस तर शेरीफला जाईल. तू त्याचं बोलणं ऐकलंयस ना? बंदूक अडकली म्हणे!" त्याने कोटाची बटणं चाचपून लावली. "घे, पोरी. मला हे काम हवं होतं, ते राहिलं. त्याची किंमत मी दिली. तू कशाला रडतेस?"

पुढच्या शनिवारी मी ते बोलणं बोलले. पाचलाही, आठलाही. तो मागे खुर्चीवर बसला होता, मान वाकडी करून, ऐकत. दिवा विझल्यावर मी त्याच्याकडे गेले.  मीच विचारलं, "कसं झालं?"

"टेकडीच्या वाक्यात उगाच धावत गेलीस," तो म्हणाला. "बाकी चालेल."